हलक्याफुलक्या कादंबरीतली 'दुसरी संधी' कशी घडते?

जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेच्या जन्माला १६ डिसेंबर २०२५ रोजी २५० वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने तिच्या कादंबऱ्यांकडे वाचक नव्याने वळले. तिच्या लेखनाशी नाते सांगणारा एक प्रवाह आज इंग्रजी पुस्तकविक्रीच्या जगात 'विमेन्स फिक्शन' या नावाने ओळखला जातो. त्यातल्या पुष्कळ पुस्तकांच्या मलपृष्ठावर साधारण एकाच धाटणीचा मजकूर आढळतो: तिशी-चाळिशीतली नायिका, मोडलेले लग्न किंवा तुटलेली मैत्री, नाइलाजाने जुन्या गावी परतणे, आणि तिथे अनपेक्षितपणे समोर आलेली दुसरी संधी.

अशी पुस्तके हाती आली की मराठी वाचकाला काही प्रश्न पडतात आणि ते रास्त आहेत. ही प्रेमकथाच असेल तर तिला वेगळे नाव कशाला? दुखावलेल्या माणसांची गोष्ट हलकीफुलकी कशी असू शकते? शेवट गोडच होणार हे ठाऊक असताना तीनशे पाने का वाचायची? आणि यांतला सर्वांत गंभीर प्रश्न म्हणजे, बाईने झाले गेले सगळे पोटात घालून पुन्हा नांदायला जावे, हीच जुनी शिकवण ही पुस्तके नव्या वेष्टनात देत नाहीत ना?

या प्रश्नांची उत्तरे या कादंबऱ्यांच्या रचनेत सापडतात. चांगल्या कादंबरीत दुसरी संधी नशिबाने पदरात पडत नाही. ज्याच्या हातून चूक झाली त्याला ती आधी निस्तरावी लागते, आणि तेही समोरचा माणूस क्षमा करील की नाही याची खात्री नसताना. ही रचना एकदा लक्षात आली, की चांगले पुस्तक आणि नुसतेच गोड पुस्तक यांतला फरक वाचकाला आपला आपण कळू लागतो.

'विमेन्स फिक्शन' आणि प्रेमकथा यांत फरक काय?

प्रेमकथेची, म्हणजे प्रकाशनव्यवसायात ज्याला 'रोमान्स' म्हणतात त्या प्रकाराची, व्याख्या बरीच काटेकोर आहे. १९८० साली स्थापन झालेल्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या संस्थेने तिच्यासाठी दोन अटी सांगितल्या: कथेच्या मध्यभागी प्रेम असले पाहिजे, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायी असला पाहिजे. १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या आणि आपल्याकडच्या वाचनालयांतही वर्षानुवर्षे मागणी असलेल्या 'मिल्स अँड बून'च्या पुस्तकांना ही व्याख्या तंतोतंत लागू पडते.

विमेन्स फिक्शनमध्ये प्रेम असू शकते, पण सगळा भार त्याच्यावर नसतो. कथेतून प्रेमप्रकरण काढून टाकले तरी नायिकेचे बहिणीशी, आईशी, जुन्या मैत्रिणीशी, स्वतःच्या कामाशी आणि स्वतःच्या भूतकाळाशी असलेले नाते शिल्लक राहते आणि गोष्ट उभी राहते. रोमान्समध्ये ती कोसळते. म्हणूनच या प्रकारात दुसरी संधी नवऱ्याने किंवा प्रियकरानेच द्यावी लागते असे नाही. ती बहिणीकडून मिळते, मोठ्या झालेल्या मुलीकडून मिळते, कधी सोडून दिलेल्या व्यवसायाकडून मिळते.

या नावावर आक्षेप घेणाऱ्या लेखिका बऱ्याच आहेत आणि मला त्यांचे म्हणणे पटते. घर, नाती आणि मनःस्ताप यांवर पुरुषाने लिहिले की ती नुसती 'कादंबरी' होते आणि बाईने लिहिले की तिला वेगळ्या कप्प्यात ठेवले जाते, ही गोष्ट न्यायाची नाही. मात्र हे नाव 'विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन' या ब्रिटिश पुरस्काराशी जोडू नये. १९९१ च्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत एकही लेखिका नव्हती, त्यातून त्या पुरस्काराची कल्पना पुढे आली आणि १९९६ मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला. तो लेखिकांच्या कोणत्याही प्रकारच्या कादंबरीसाठी असतो, या विशिष्ट प्रकारासाठी नव्हे.

आठ वर्षांनी पुन्हा गाठ पडते ती कशी?

दुसऱ्या संधीची कथा कशी बांधली जाते हे समजून घेण्यासाठी ऑस्टिनच्या 'पर्सुएशन' या शेवटच्या पूर्ण कादंबरीइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे दिसत नाही. ऑस्टिनचे निधन १८ जुलै १८१७ रोजी झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

तिची नायिका अॅन एलियट एकोणीस वर्षांची असताना फ्रेडरिक वेंटवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्याशी तिचे लग्न ठरते. त्याच्याजवळ पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत, आणि युद्धाचे दिवस असल्यामुळे तो जिवंत परत येईल याचीही शाश्वती नाही. अॅनची आई तिच्या लहानपणीच गेलेली असते आणि आईच्या जागी असलेली लेडी रसेल तिला समजावते की हे लग्न दोघांच्याही हिताचे नाही. अॅन ऐकते आणि लग्न मोडते. वेंटवर्थ दुखावून निघून जातो. कथा सुरू होते तेव्हा अॅन सत्तावीस वर्षांची आहे, आणि युद्धात पकडलेल्या शत्रूच्या जहाजांच्या बक्षिसावर पंचवीस हजार पौंड मिळवून वेंटवर्थ श्रीमंत कॅप्टन झालेला आहे.

या मांडणीत दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की ताटातुटीत कोणीही खलनायक नाही. लेडी रसेलचा सल्ला चुकला, पण तो मायेपोटी दिलेला होता. अॅनने ऐकले ते भित्रेपणाने नव्हे, तर वडीलधाऱ्यांचा शब्द मानायचा म्हणून. वेंटवर्थचा रागही समजण्यासारखा आहे. चूक माणसाच्या आवाक्यातली असते, म्हणूनच ती दुरुस्त करणेही त्याच्या आवाक्यात राहते.

दुसरी गोष्ट पुन्हा भेटण्याच्या निमित्ताची. सुमार कादंबरीत जुना प्रियकर रस्त्याच्या वळणावर अचानक धडकतो. ऑस्टिनने मात्र ही भेट कर्ज आणि तह यांतून घडवली आहे. अॅनचे उधळे वडील सर वॉल्टर कर्जबाजारी होतात आणि केलिंच हॉल हे आपले घर त्यांना भाड्याने द्यावे लागते. १८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाल्यामुळे नौदलातले अधिकारी जमिनीवर परतलेले आहेत, आणि त्यांच्यापैकीच एक, अॅडमिरल क्रॉफ्ट, ते घर घेतात. क्रॉफ्ट यांची पत्नी ही वेंटवर्थची सख्खी बहीण. तो बहिणीकडे राहायला येणार आणि अॅनला त्याला टाळता येणार नाही, हे इतके साहजिक वाटते की वाचकाला योगायोगाची शंकाही येत नाही.

मनात जागा कुठून येते?

भेट झाली म्हणजे मने जुळली असे नाही. त्यासाठी लेखिकेला आधीपासून तयारी करून ठेवावी लागते. चांगला शिंपी ब्लाउज शिवताना आतल्या बाजूला थोडी माया ठेवतो, म्हणून दोन वर्षांनी तो उसवून सैल करता येतो. कापड कडेला कापून टाकलेले असेल तर पुढे कितीही कसबी हात लागला तरी उपयोग नसतो. कादंबरीतही ज्या माणसाला पुढे क्षमा मिळायची आहे, त्याच्यात चांगुलपणाची अशी शिल्लक पहिल्यापासून दिसली पाहिजे.

वेंटवर्थच्या बाबतीत ती कशी दिसते ते पाहा. परत आल्यावर तो अॅनविषयी म्हणतो की ती इतकी बदलली आहे की आपण तिला ओळखलेही नसते, आणि हे वाक्य अॅनच्या धाकट्या बहिणीच्या तोंडून तिच्या कानावर येते. लुइझा मस्ग्रोव्ह या तरुण मुलीशी फिरताना तो झाडाचे एक हेझलनट हातात घेऊन सांगतो, की शरदातली वादळे सोसूनही हे कसे टणक राहिले आहे, माणसाचे मनही असेच असावे. कुंपणाच्या झुडपांपलीकडे बसलेल्या अॅनला हे सगळे ऐकू येते आणि बोलण्याचा रोख कोणाकडे आहे हे तिला कळते. इतका कडवटपणा असलेला हा माणूस त्याच फेरफटक्यावरून परतताना मात्र अॅन थकली आहे हे ओळखतो आणि एक शब्दही न बोलता तिला बहिणीच्या गाडीत बसवून देतो. त्याआधी एकदा, जखमी भाच्याची शुश्रूषा करणाऱ्या अॅनच्या पाठीवर चढून बसलेल्या दोन वर्षांच्या हट्टी पोराला तो असाच मुकाट्याने उचलून बाजूला नेतो. राग गेलेला नाही, पण काळजीही गेलेली नाही. पुढच्या सगळ्या घडामोडींचा पाया या दोन छोट्या प्रसंगांत आहे.

त्याच्या 'टणक मना'च्या कल्पनेलाही लवकरच धक्का बसतो. लाइम या समुद्रकाठच्या गावी तीच लुइझा, कोणी नको म्हणत असतानाही हट्टाने धक्क्याच्या पायऱ्यांवरून उडी मारते, तोल जाऊन आपटते आणि बेशुद्ध होते. सगळ्यांचा धीर सुटतो. त्या क्षणी डॉक्टरला बोलवायला कोणाला धाडायचे, मुलीला कुठे हलवायचे, हे शांतपणे सांगणारी एकटी अॅन असते. हट्ट आणि खंबीरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वेंटवर्थला कोणी सांगत नाही. त्याला ते डोळ्यांनी पाहावे लागते.

पश्चात्ताप झाला, माफी मागितली, मग आणखी काय हवे?

या प्रकारच्या कथांचा गाभा येथे आहे. पश्चात्ताप ही आपल्या मनातली वेदना असते आणि माफी हे दुसऱ्यापुढे उच्चारलेले शब्द असतात. तिसरी पायरी कृतीची: आपल्यामुळे ज्याचे नुकसान झाले, त्याचे ते नुकसान स्वतः झळ सोसून शक्य तितके भरून काढणे. या तिसऱ्या पायरीला मी या लेखात परिमार्जन म्हणतो. हलक्याफुलक्या कादंबऱ्यांची खरी कसोटी तिथेच लागते.

ऑस्टिनच्याच 'एमा' या डिसेंबर १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतला बॉक्स हिलवरच्या सहलीचा प्रसंग पाहा. खेळ असा ठरतो, की प्रत्येकाने एक अत्यंत चतुर, दोन बऱ्यापैकी चतुर किंवा तीन अगदी कंटाळवाण्या गोष्टी सांगायच्या. मिस बेट्स ही गरीब, अविवाहित, बडबडी पण कमालीची सालस बाई स्वतःच हसत म्हणते की तीन कंटाळवाण्या गोष्टी आपल्याला सहज जमतील. त्यावर श्रीमंत, तरुण, हुशार एमा सगळ्यांदेखत सांगते, की अडचण एवढीच आहे, एका वेळी तीनच सांगायची मुभा आहे. मिस बेट्सला टोमणा लगेच समजत नाही. समजतो तेव्हा ती रागावत नाही, फक्त तिचा चेहरा किंचित लाल होतो, आणि एवढ्या जुन्या मैत्रिणीने असे म्हटले म्हणजे आपण खरोखरच असह्य झालो असू, असे ती शेजारच्या माणसाला सांगते.

एमाच्या घरचा जुना स्नेही मिस्टर नाइटली नंतर तिला सुनावतो. मिस बेट्स तुझ्या बरोबरीची असती तर गोष्ट वेगळी होती, पण ती चांगल्या परिस्थितीतून खाली आलेली आहे, वय वाढेल तशी आणखी खाली जाईल, आणि तुझे पाहून बाकीचेही तिच्याशी तसेच वागतील, हे त्याचे म्हणणे एमाला जिव्हारी लागते. ती घरी जाताना वाटभर रडते. हा पश्चात्ताप झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिस बेट्सच्या घरी जाते. गंमत अशी, की ती तिथे माफीचे शब्द उच्चारतच नाही. आपल्या मनातले ओझे उतरवण्यासाठी त्या बिचारीला तो अपमान पुन्हा आठवायला लावायचा नाही, असे या वागण्यातून मला दिसते. ती येते, बसते, मिस बेट्सच्या भाचीच्या, जेन फेअरफॅक्सच्या, भवितव्याची मनापासून चौकशी करते, आणि हे येणेजाणे यापुढे बरोबरीच्या नात्याने नेहमी ठेवायचे असे ठरवते. पुढे जेन आजारी पडते तेव्हा एमा तिला गाडीतून फिरायला नेण्याची तयारी दाखवते, नकार येतो. उत्तम प्रतीचा आरारूट पाठवते. तोही परत येतो. जेनला पूर्वी एमाने दिलेली सापत्न वागणूक ती विसरलेली नाही, आणि विसरण्याचे तिच्यावर बंधनही नाही. परत आलेल्या आरारूटच्या या प्रसंगासाठी मी ऑस्टिनला फार मानतो, कारण चांगुलपणाने पुढे केलेला हात झिडकारला जाऊ शकतो आणि तरीही तो पुढे करावा लागतो, हे तिने कसलेही प्रवचन न करता दाखवले आहे.

आजच्या संशोधनाचे निष्कर्षही याला जुळणारे आहेत. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक तपासले: खेद, स्पष्टीकरण, जबाबदारीची कबुली, पश्चात्ताप, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. लोकांना सर्वांत महत्त्वाची वाटली ती जबाबदारीची कबुली, तिच्या खालोखाल भरपाईची तयारी. आणि 'मला माफ कर' ही विनंती सर्वांत कमी महत्त्वाची ठरली.

ऑस्टिनने शेवट बदलला तो का?

'पर्सुएशन'चा शेवट ऑस्टिनने दोनदा लिहिला. पहिला मसुदा तिने १८ जुलै १८१६ रोजी संपवला. पुढे बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला तिचा मृत्यू झाला. तो शेवट तिला बेचव वाटला, ती खिन्न मनाने झोपली, असे तिच्या भाच्याने तिच्या चरित्रात नमूद केले आहे. तिने तो भाग बाजूला ठेवून नव्याने लिहायला घेतले आणि ६ ऑगस्टपर्यंत नवा शेवट पूर्ण केला. रद्द केलेल्या दोन प्रकरणांची पाने आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि तिच्या सहा प्रसिद्ध कादंबऱ्यांपैकी तिच्या हस्ताक्षरात उरलेला हा एवढाच भाग आहे.

पहिल्या शेवटात अॅडमिरल क्रॉफ्ट रस्त्यात भेटलेल्या अॅनला आग्रहाने घरात नेतात. तिथे वेंटवर्थ असतो. अॅन आपल्या चुलतभावाशी लग्न करणार असल्याची अफवा उठलेली असते. तसे असेल तर आपण केलिंच हॉल रिकामे करू, हे तिला विचारण्याचे काम अॅडमिरल वेंटवर्थवर सोपवतात. तो अवघडून विचारतो, ती नाही म्हणते, आणि गैरसमज मिटतो. प्रसंग गमतीचा आहे, वेगवान आहे, पण त्यात वेंटवर्थला काहीच करावे लागत नाही. तो दुसऱ्याचा निरोप सांगतो आणि दुसरी संधी त्याच्या ओंजळीत आपोआप येऊन पडते.

नव्या शेवटात बाथ शहरातल्या व्हाइट हार्ट या खाणावळीतली खोली आहे. वेंटवर्थ टेबलाशी बसून आपला मित्र कॅप्टन हारव्हिल याच्यासाठी एक पत्र लिहीत आहे आणि जवळच हारव्हिल व अॅन, पुरुषाचे प्रेम अधिक टिकते की बाईचे, यावर हळू आवाजात बोलत आहेत. आशा संपल्यावरही प्रेम करत राहणे बायकांच्या वाट्याला अधिक येते, असे अॅन सांगत असतानाच्या त्या संवादात वेंटवर्थच्या हातातली लेखणी गळून पडते. तो त्याच टेबलाशी घाईघाईने दुसरे पत्र लिहितो, मित्राबरोबर बाहेर पडतो, हातमोजे विसरल्याचे निमित्त करून परत येतो, पसरलेल्या कागदांखालून ते पत्र काढून अॅनपुढे ठेवतो आणि निघून जातो. आपण कदाचित अन्यायाने वागलो असू, आपण दुबळे होतो, मनात अढी धरून होतो, हे त्याने त्यात सरळ लिहिलेले आहे, आणि पुढे काय करायचे तो निर्णय सर्वस्वी तिच्यावर सोपवलेला आहे.

कबुली इथे थांबत नाही, आणि मला तिचा पुढचा भाग त्या प्रसिद्ध पत्राहूनही मोलाचा वाटतो. दोघे मोकळेपणाने बोलतात तेव्हा वेंटवर्थ म्हणतो, की इतकी वर्षे आपण लेडी रसेलला शत्रू मानले, पण तिच्याहून मोठा शत्रू आपण स्वतःच होतो. १८०८ मध्ये त्याच्या हाती थोडा पैसा आला होता, नवे जहाज मिळाले होते; त्या वेळी पत्र टाकले असते तर उत्तर आले असते का, असे तो विचारतो. अॅनचे उत्तर ऐकल्यावर त्याला कळते की केवळ अहंकारापायी दोघांची सहा वर्षे गेली. दुसरीकडे अॅन आपल्या वाट्याची नसलेली चूक अंगावर घेत नाही. सल्ला चुकीचा होता, तसा सल्ला मी कोणाला देणार नाही, पण आईच्या जागी असलेल्या बाईचे ऐकले यात माझे चुकले नाही, असे ती ठामपणे सांगते. आणि लेडी रसेलला आपला अंदाज साफ चुकला हे कबूल करून नव्याने सुरुवात करावी लागते. प्रत्येकाच्या पदरात त्याच्या त्याच्या चुकीचे माप पडते, कमी नाही आणि जास्तही नाही.

इतके दुःख असताना हसू कशाला?

हलकेफुलकेपणा म्हणजे दुःख कमी लेखणे, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. या कादंबऱ्यांत विनोदाला ठरलेले काम असते. चूक कबूल करताना माणसाला सर्वांत जास्त आडवा येतो तो त्याचा स्वतःविषयीचा मोठेपणा, आणि तो मोठेपणा हास्याने जितका सहज उतरतो तितका उपदेशाने उतरत नाही. सर वॉल्टर यांच्या शयनगृहालगतच्या खोलीत इतके मोठाले आरसे असतात की घर भाड्याने घेतल्यावर अॅडमिरल क्रॉफ्ट ते बहुतेक सगळे काढायला लावतात, कारण स्वतःपासून सुटकाच नव्हती, असे ते अॅनला निरागसपणे सांगतात. या एका वाक्यात, स्वतःपलीकडे पाहू न शकणारा माणूस परिमार्जन कधीच का करू शकणार नाही, हे कळते. आणि खरोखरच, कादंबरीच्या शेवटीही सर वॉल्टर बदलत नाहीत.

हसू कोणावर वळते याकडे मात्र लक्ष ठेवावे. चुकणाऱ्याच्या ताठ्यावर हसणे वेगळे आणि ज्याला लागले आहे त्याच्या जखमेवर हसणे वेगळे. 'एमा'मध्ये मिस बेट्सच्या बडबडीवर ऑस्टिन आपल्याला कितीतरी पाने हसवते आणि बॉक्स हिलवर त्याच हसण्याची आपल्याला लाज वाटायला लावते. नुसत्या गमतीसाठी नायिकेच्या फजितीचे प्रसंग रचणाऱ्या पुस्तकांना हे जमत नाही.

बाईने सगळे सोसून क्षमा करावी, असेच हे सांगत नाही का?

ही शंका घेणारा वाचक चुकत नाही. अशी पुस्तके भरपूर आहेत, ज्यांत नवरा किंवा प्रियकर शेवटच्या प्रकरणात फुले घेऊन दारात उभा राहतो आणि तेवढ्यावर सगळे मिटते. त्या पुस्तकांना मी या प्रकारातली अपयशी पुस्तके म्हणेन, कारण त्यांत परिमार्जन झालेलेच नसते.

आजच्या इंग्रजी कादंबऱ्यांत नायिका आपल्या हातून दुखावलेल्या माणसांची यादी करून एकेकाला भेटायला निघते, असा एक कथाबंध वारंवार दिसतो. ती कल्पना व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातही आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या बारा पायऱ्यांपैकी आठवी पायरी अशी यादी करण्याची आहे आणि नववी प्रत्यक्ष परिमार्जनाची. नवव्या पायरीला एक अट जोडलेली आहे: तसे करण्याने त्या व्यक्तीला किंवा इतर कोणाला इजा पोहोचणार असेल, तर करू नये. आपले मन हलके करण्यासाठी दुसऱ्याच्या बऱ्या होत आलेल्या जखमेवरची खपली काढायची नाही. या प्रकारातल्या चांगल्या कादंबऱ्यांत कोणीतरी दार उघडत नाही, आणि नायिकेला ते मानून परत फिरावे लागते. मारहाण, छळ, पुनःपुन्हा केलेली फसवणूक यांना हलक्याफुलक्या कथेतल्या आवाक्यातल्या चुकांच्या मापाने मोजताच येत नाही. तिथे दुसरी संधी म्हणजे त्या माणसापासून दूर उभारलेले आयुष्य.

दुखावणाऱ्याची जबाबदारी लेखक कुठे ठेवतो, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. महाभारताच्या आदिपर्वातला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही भर सभेत नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर, लोकांच्या संशयाच्या भीतीने आपण तसे वागलो, असे सांगतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी आणून राजाला दोषमुक्त केले, असे आपण सहसा म्हणतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ज्याचा पहिला प्रयोग केला, त्या 'संगीत शाकुंतल'मुळे ही शापाची कथा मराठी घराघरांत पोहोचली. पण कालिदासाचा सातवा अंक नीट वाचावा. राजा शकुंतलेच्या पाया पडतो तेव्हा त्याला शापाची काहीच माहिती नसते. मारीच ऋषी तो उलगडा नंतर करतात. आपण दोषी आहोत असे मानूनच तो वाकलेला असतो. शापाची सबब त्याच्या आधी हाती आली असती, तर ते वाकणे पोकळ ठरले असते.

शेवट ठाऊक असताना वाचायचे कशासाठी?

'पर्सुएशन' उघडणाऱ्या बहुतेकांना अॅन आणि वेंटवर्थ एकत्र येणार हे आधीच ठाऊक असते. वाचक शोधत असतो ते हे, की त्यांनी एकत्र येणे आपल्याला पटेल का. ज्याला हे पडताळून पाहायचे आहे, त्याने 'पर्सुएशन'चे तेविसावे प्रकरण आणि त्याच्या जागी आधी लिहिलेला रद्द मसुदा, असे दोन्ही लागोपाठ वाचावेत. कादंबरीच्या बऱ्याच आवृत्त्यांत तो मसुदा परिशिष्ट म्हणून छापलेला असतो आणि वाचायला एक दुपार पुरते. पात्रे तीच, शहर तेच, शेवटी ठरणारे लग्नही तेच; तरी पहिल्या शेवटानंतर वाचक नुसता खूश होतो, आणि दुसऱ्यानंतर त्याचा वेंटवर्थवर विश्वास बसतो.